थकलेले हृदय आणि सार्वजनिक तिजोरी

‘अमका हार्ट फेल होऊन गेला’ असे आपण सहज बोलून जातो, आणि त्या वेळी आपल्या मनात असते ते एकाएकी आलेले मरण. सकाळी फिरायला गेलेला गृहस्थ वाटेतच कोसळला, की त्याचे ‘हार्ट फेल’ झाले. वैद्यकशास्त्र मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने वापरते. त्याच्या लेखी हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर ते थकणे होय. मुठीएवढा हा स्नायूंचा पंप चालू असतो, पण शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्याची ताकद त्यात उरलेली नसते. पुढे जायचे रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी साचते, पायांवर सूज चढते. रोग्याला आधी जिना चढताना धाप लागते, मग सपाटीवर चालताना, आणि शेवटी तर नुसते आडवे झाले तरी जीव गुदमरतो. माझ्या लहानपणी आमचे एक वृद्ध नातलग रात्रभर लोडाला टेकून बसल्या बसल्याच झोप काढीत. घरात त्याला दमा म्हणत असत आणि त्यांना मधातून सुंठ देत. त्यांचा दमा छातीतला नव्हता, हृदयातला होता, हे मला फार वर्षांनी उमगले.

या रोगावरील उपायांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. तो एका थोर डॉक्टरापासून सुरू होतो आणि हजारो अनाम माणसांपाशी येऊन पोचतो. मधल्या प्रवासात शास्त्राइतकाच, किंबहुना कधी कधी शास्त्राहूनही अधिक महत्त्वाचा ठरलेला प्रश्न म्हणजे पैशाचा. हे संशोधन करायचे कोणी, आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी?

आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे वैद्यकी करणाऱ्या विल्यम विदरिंग यांच्या कानांवर १७७५च्या सुमारास एक कौटुंबिक नुसखा आला. श्रॉपशायरमधील एक वृद्ध स्त्री अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना तो काढा देत असे, आणि बड्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी त्याने कधी कधी बरे होत. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यांतली गुणकारी कोणती, हे विदरिंग यांनी हेरले. ती होती फॉक्सग्लोव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस. पुढली दहा वर्षे त्यांनी आपल्या रोग्यांवर तिचा अनुभव घेतला, मात्रा ठरवली, विषारी लक्षणे टिपून ठेवली, आणि १७८५ साली दीडशेंहून अधिक रोग्यांची हकीकत देणारे पुस्तक छापले. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही हकीकत त्यांनी गाळली नाही, हे विशेष. एक डॉक्टर, एक वही आणि दहा वर्षे, एवढ्या भांडवलावर हे काम झाले. पण त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे थकलेल्या हृदयाच्या उपचारांत डिजिटॅलिस, मीठ कमी करणे, लघवी वाढवणारी औषधे आणि विश्रांती यांपलीकडे फारशी भर पडली नाही. एकट्याची वही जेथवर पोचू शकते, तेथवर ती पोचली होती.

आता आपण एकदम १९४४ सालात येऊ. महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना काही दिवस खोकला आणि थकवा जाणवत होता. त्यांचे खासगी डॉक्टर ॲडमिरल मॅकिंटायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते. मार्चअखेर बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात हॉवर्ड ब्रूएन नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने अध्यक्षांना तपासले, आणि त्याला धक्काच बसला. रक्तदाब १८६/१०८, हृदय वाढलेले, फुप्फुसांत पाण्याचे आवाज. निदान स्पष्ट होते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हृदय थकले होते. ज्या माणसाच्या शब्दावर लक्षावधी सैनिक हलत होते, तो स्वतः हार्ट फेल्युअरचा रोगी होता.

ब्रूएन यांनी उपचार सुचवले ते असे: डिजिटॅलिस, कमी मीठ, विश्रांती, सिगारेटी कमी करणे, आणि झोपेसाठी सौम्य औषध. म्हणजे जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या अध्यक्षाला १९४४ साली जे औषध मिळाले, ते विदरिंग यांनी श्रॉपशायरच्या म्हातारीच्या काढ्यातून निवडलेलेच होते. डिजिटॅलिसने धाप उतरली. रक्तदाब मात्र उतरला नाही, कारण तो उतरवणारे धड औषधच कोणापाशी नव्हते. इतकेच नव्हे, तो उतरवावा की नाही याविषयीही वैद्यकात एकमत नव्हते. पॉल डडली व्हाइट हे त्या काळचे अमेरिकेतील अग्रगण्य हृदयतज्ज्ञ. वाढलेला रक्तदाब ही शरीराने स्वतःच केलेली तजवीज असू शकेल आणि तिच्याशी छेडछाड करू नये, अशा आशयाचे मत त्यांच्याही ग्रंथात १९३०च्या दशकात आढळते. थोर माणसांची मते चुकतात, यात नवल नाही. नवल याचे, की हेच व्हाइट पुढे या कथेत अगदी वेगळ्या भूमिकेत आपल्याला भेटणार आहेत.

रूझवेल्ट त्या वर्षाच्या शेवटी चौथ्यांदा निवडून आले. मतदारांना त्यांच्या हृदयाची अवस्था ठाऊक नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांना मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू आला. त्या वेळी मोजलेला रक्तदाब ३००/१९० होता. मॅकिंटायर यांनी जगाला सांगितले, की हे निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तसे झाले. ब्रूएन यांनी आपल्या नोंदी १९७० साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा कळले की आकाश निरभ्र मुळीच नव्हते.

एका अध्यक्षाच्या मृत्यूने कायदा झाला असे म्हणणे सोपे आहे, पण इतिहास इतका सरळ चालत नाही. युद्ध संपता संपता अमेरिकेत हृदयविकार हे मृत्यूचे पहिले कारण ठरले होते, आणि सरकारचा त्यावरील संशोधनाचा खर्च मात्र नगण्य होता. या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्यांत एक बाई पुढे होत्या. त्यांचे नाव मेरी लास्कर. त्या ना डॉक्टर होत्या ना शास्त्रज्ञ. त्यांचे पती आल्बर्ट लास्कर जाहिरातींच्या धंद्यातील सम्राट, आणि त्या संपत्तीत लकी स्ट्राइक सिगारेटच्या जाहिरातींचाही वाटा होता. सिगारेट विकून मिळालेला पैसा हृदयाच्या संशोधनाची बाजू मांडायला लागावा, हा काव्यगत न्याय म्हणावा की काव्यगत थट्टा, हे श्रोत्यांनी ठरवावे. मेरीबाईंनी ओळखले होते, की धनिकांच्या देणग्यांनी प्रयोगशाळा बांधता येतात, पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम सरकारी तिजोरीखेरीज होत नाही. त्या सिनेटरांच्या घरी जेवणे देत, आकडेवारीची टिपणे वाटत, आणि पाठ सोडीत नसत.

दुसऱ्या बाजूने लोकांकडूनही पैसा येऊ लागला. अमेरिकन हार्ट असोसिएशन ही १९२४ साली स्थापन झालेली डॉक्टरांची संस्था. तिने लोकांसाठी दारे उघडायचे ठरवले, आणि १९४८ साली रेडिओवर एक कोडे घातले गेले. एका अज्ञात माणसाच्या पावलांचा आवाज ऐकवायचा, जोडीला काही खुणा द्यायच्या, आणि हा चालणारा माणूस कोण ते श्रोत्यांनी ओळखायचे. उत्तराच्या पत्रासोबत हृदयविकाराच्या निधीला यथाशक्ति देणगी पाठवायची. तो माणूस विनोदी नट जॅक बेनी निघाला. पण तोवर सुमारे साडेसतरा लाख डॉलर जमले होते. मेळ्यात आणि जलशात वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती परकी वाटू नये.

१६ जून १९४८ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. राष्ट्रीय हृदय संस्था स्थापन झाली. विद्यापीठांना आणि रुग्णालयांना अनुदाने देणे, डॉक्टर तयार करणे, आणि सरकारने स्वतः संशोधन चालवणे, अशी तिन्ही कामे तिच्याकडे आली. तिच्या सल्लागारांत पॉल डडली व्हाइट प्रमुख होते.

त्याच वर्षी बॉस्टनच्या पश्चिमेस वीस मैलांवरील एका मध्यम गावात जे काम सुरू झाले, ते माझ्या मते या सगळ्या कथेचे हृदय आहे. गावाचे नाव फ्रेमिंगहॅम आणि वस्ती सुमारे अठ्ठावीस हजार. कारखान्यांत काम करणारे, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसे तेथे राहत. हेच गाव का निवडले? एक कारण असे, की १९१७ पासून काही वर्षे येथे क्षयरोगाची मोठी सार्वजनिक पाहणी झाली होती आणि गावाला अशा कामाची सवय होती. दुसरे असे, की गाव बॉस्टनच्या वैद्यकीय विद्यालयांच्या आवाक्यात होते.

कल्पना साधी होती, पण त्या काळी अपूर्व होती. आजवर डॉक्टर रोग्यापासून सुरुवात करीत. रोग झालेला माणूस दारात आला, की मागे वळून कारण शोधायचे. फ्रेमिंगहॅममध्ये सुरुवात निरोगी माणसांपासून करायची होती. त्यांना दर दोन वर्षांनी तपासायचे, रक्तदाब, रक्तातील चरबी, वजन, विडीकाडीची सवय असे सारे लिहून ठेवायचे, औषध द्यायचे नाही, फक्त निष्कर्ष त्यांच्या घरच्या डॉक्टरला कळवायचे, आणि वाट पाहायची. कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, आणि दोघांत आधीपासून फरक काय होता, हे काळाकडूनच काढून घ्यायचे. वीस वर्षांची मुदत ठरली.

गावातील तीस ते साठ या वयाच्या माणसांतून नमुन्यादाखल साडेसहा हजार नावे काढली. त्यांतली ४,४६९ माणसे तयार झाली, आणि आपण होऊन आलेली ७४० त्यांत मिळवली. असे एकूण ५,२०९ स्त्रीपुरुष झाले. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या माणसांना पैसे मिळणार नव्हते आणि उपचारही मिळणार नव्हते. गावातील प्रतिष्ठित लोकांच्या समित्या झाल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याला फोन केले, आणि लोक आले. १९४९ पासून सतरा वर्षे या कामाची धुरा वाहणारे डॉ. टॉमस डॉबर यांनी माणसे टिकवणे हीच शास्त्राची पहिली अट मानली. दवाखान्यात ताटकळत ठेवायचे नाही, वेळ त्यांच्या सोयीची घ्यायची, गाव सोडून गेलेल्याचाही माग ठेवायचा. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांच्या रांगांचा अनुभव असलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटतो, हे मी कबूल करतो.

निष्कर्ष येऊ लागले ते १९५७ पासून. १९६१ साली डॉ. विल्यम कॅनेल आणि डॉबर प्रभृतींनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ‘धोक्याचे घटक’ हा शब्दप्रयोग ठळकपणे आला. आज तो सर्वांच्या तोंडी आहे. वाढलेला रक्तदाब ही शरीराची तजवीज नसून धोका आहे, रक्तातील चरबी आणि धूम्रपान हेही धोके आहेत, हे मग अनुमान राहिले नाही. ते मोजलेले सत्य झाले.

आणि येथेच तिजोरी थकली. १९६८ साली ठरलेली वीस वर्षे भरली. व्हिएटनामच्या युद्धाने अमेरिकेचा खर्च वाढला होता. राष्ट्रीय हृदय संस्थेतील अधिकाऱ्यांना वाटले, की जे विचारायचे ते विचारून झाले, उत्तरे मिळाली, आता दुकान बंद करावे. हिशेबनिसाच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. परंतु १९४८ साली जे चाळिशीत होते ते आता साठीला आले होते, आणि हृदय थकण्याचे वय तेच आहे. वीस वर्षे झाड लावून, पाणी घालून, फळ धरण्याच्या वेळी कुंपण काढून घेण्याचा हा प्रकार होता. डॉबर तोवर बॉस्टन विद्यापीठात गेले होते. ते गावोगाव झोळी घेऊन हिंडले आणि खासगी देणग्यांवर तपासण्या चालू ठेवल्या. पॉल डडली व्हाइट आता ऐंशीच्या घरात होते. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकारात उपचार केल्याने त्यांचे नाव घरोघरी पोचले होते, आणि ते सारे वजन त्यांनी वॉशिंग्टनमध्ये फ्रेमिंगहॅमच्या बाजूने खर्ची घातले. रक्तदाबाला हात लावू नये म्हणणाऱ्या ग्रंथकाराने, रक्तदाबाचा धोका सिद्ध करणाऱ्या कामाला वाचवले. अखेर १९७१च्या सुमारास बॉस्टन विद्यापीठाशी करार करून सरकारने पुन्हा हात पुढे केला, आणि पहिल्या पिढीच्या मुलांची व त्यांच्या जोडीदारांची, अशा ५,१२४ जणांची, दुसरी पाहणीही सुरू झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रेमिंगहॅममधून हार्ट फेल्युअरवरचा निबंध प्रसिद्ध झाला. सोळा वर्षांत १४२ माणसांचे हृदय थकले होते. आकडा लहान वाटतो. पण ही माणसे निरोगी असल्यापासून ओळखीची होती, आणि तेच त्याचे मोल. त्यांतल्या शंभरांत पंच्याहत्तर जणांना आधीपासून रक्तदाब होता. आणि एकदा हृदय थकल्यावर पाच वर्षांत मरण येण्याचा संभव पुरुषांत शंभरांत ६२ आणि स्त्रियांत ४२ इतका होता. कित्येक कर्करोगांहून हे भाकीत वाईट आहे. ‘सूज आली आहे, उतरेल’ असे म्हणून सोडून देण्याचा हा रोग नव्हे, हे प्रथमच आकड्यांत कळले. रोग झाल्यावर इतके थोडे करता येत असेल, तर तो होण्याआधीच रक्तदाब उतरवला पाहिजे, हेही ओघानेच आले.

तो उतरवता येतो आणि त्याने हृदय वाचते, हे मात्र तोवर दुसऱ्या एका सहकारी प्रयोगाने दाखवले होते, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. आपल्याकडे सर्पगंधा ही वनस्पती वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरीत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावरही चालते असे लिहिले. मुंबईतील हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती आपल्या रोग्यांवर वर्षानुवर्षे वापरली, आणि १९४९ साली पन्नास रोग्यांच्या तपशीलवार नोंदींचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तो बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि अमेरिकेत सर्पगंधेची मात्रा सुरू झाली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. पारितोषिकामागचे घराणे तेच, जाहिरातींचे, आणि हृदय कायद्यासाठी खटपट करणाऱ्या मेरीबाईंचे.

पन्नास रोग्यांवरून रक्तदाब उतरतो हे कळते. माणूस जगतो का, हे कळत नाही. ते कळायला अनेक रुग्णालये, एकच नियमावली, आणि खोट्या गोळीशी तुलना लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांना याची सवय होती, कारण युद्धानंतर क्षयावरील नव्या औषधांची परीक्षा त्यांनी अशीच एकत्र येऊन केली होती. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तीच रीत रक्तदाबाला लावली. गोळीत तीन औषधे होती. एक लघवी वाढवणारे, एक रक्तवाहिन्या सैल करणारे, आणि तिसरे होते आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिन.

१९६७ साली पहिला निकाल आला. रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यात होते. खोट्या गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती आली, तर औषधाच्या गटात दोघांवर. १९७० साली सौम्य रक्तदाबाच्या ३८० पुरुषांचा निकाल आला. औषध न मिळालेल्यांत ११ जणांचे हृदय थकले. औषध मिळालेल्यांत किती? एकाचेही नाही. एवढे स्वच्छ उत्तर वैद्यकात क्वचितच मिळते. रूझवेल्ट यांच्या रक्तदाबाचे काय करावे, या १९४४च्या प्रश्नाला छब्बीस वर्षांनी उत्तर मिळाले. १९७१चे लास्कर पारितोषिक फ्रीस यांना गेले. रेसर्पिन आता जवळपास अस्तंगत झाले आहे, त्याहून सुटसुटीत औषधे आली. पण सिद्धता त्याच्याच खांद्यावर उभी राहिली.

या कामाला एक उणीव होती, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पुरुषच होते. फ्रेमिंगहॅममध्ये स्त्रिया भरपूर होत्या, पण गाव जवळजवळ सगळे गोऱ्यांचे होते. ज्यांच्या करातून पैसा आला त्या सगळ्यांची हृदये मोजली गेली नाहीत, आणि ही चूक दुरुस्त करायला अमेरिकेला पुढची अनेक वर्षे लागली.

ज्यांचे हृदय थकूनच गेले आहे त्यांच्यासाठी काय? येथेही वाट सहकारी प्रयोगांनीच काढली. १९८६ साली त्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी, जे कोन यांच्या पुढाकाराने, ६४२ रोग्यांवरील प्रयोगात दाखवले, की रक्तवाहिन्या सैल करणारी दोन जुनी, स्वस्त औषधे एकत्र दिल्यास मृत्यू कमी होतात. या रोगात औषधाने आयुष्य वाढते याची ही पहिली चाहूल. पुढल्याच वर्षी स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये, औषध कंपनीच्या पैशाने, अगदी अखेरच्या अवस्थेतील २५३ रोग्यांवर एनॅलाप्रिलची परीक्षा झाली. सहा महिन्यांत खोट्या गोळीच्या गटात शंभरांत ४४ गेले, औषधाच्या गटात २६. प्रयोग मुदतीआधीच थांबवला गेला.

कंपनीचा पैसा वाईट असतो असे मी म्हणत नाही. वरील उदाहरण त्याच्या उलटच आहे. परंतु कंपनी तेथेच खर्च करते, जेथे विक्रीची आशा असते. अखेरच्या अवस्थेतील रोग्यांवर यश मिळाले, तरी ज्यांना थोडीच धाप लागते त्यांचे काय, आणि ज्यांचे हृदय अशक्त आहे पण अजून धाप लागलेलीच नाही त्यांचे काय, हे प्रश्न राहिले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने हाती घेतले. अमेरिका, कॅनडा आणि बेल्जियम येथील २३ केंद्रे त्यात होती. सूत्रे सांभाळणाऱ्यांत डॉ. सलीम युसूफ हे बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले भारतीय होते. १९९१ साली २,५६९ रोग्यांचा निकाल आला. खोट्या गोळीवरील ५१० जण दगावले, तर एनॅलाप्रिलवरील ४५२. दुसऱ्या वर्षी, लक्षणे नसलेल्या ४,२२८ जणांच्या गटात, हे औषध हृदयाचे थकणेच लांबणीवर टाकते असे दिसून आले. ५१० आणि ४५२ यांतील फरक ५८ माणसांचा. एखाद्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात तो जन्मभर दिसला नसता. तो दिसायला अडीच हजार माणसे लागली.

मग श्रॉपशायरच्या म्हातारीचे औषध पुन्हा तपासायची पाळी आली. दोनशे वर्षे जगभर डिजिटॅलिस दिले जात होते, पण त्याने माणूस अधिक जगतो की कमी, हे कोणी मोजलेले नव्हते. मोजणार तरी कोण? इतके जुने आणि इतके स्वस्त औषध. त्याच्या परीक्षेत कोट्यवधी डॉलर घालून कोणत्या कारखानदाराचा फायदा होणार? हे काम सार्वजनिक पैशावाचून कधीही झाले नसते. राष्ट्रीय हृदय संस्था आणि माजी सैनिकांचे खाते यांनी मिळून अमेरिका व कॅनडातील तीनशेहून अधिक केंद्रांत ६,८०० रोग्यांवर हा प्रयोग केला. १९९७ साली निकाल आला. डिजिटॅलिसने मृत्यू ना घटले ना वाढले. मात्र हृदय थकल्यामुळे रुग्णालयात जाण्याची पाळी लक्षणीय कमी आली. विदरिंग यांनी २१२ वर्षांपूर्वी जेवढा दावा केला होता, जवळपास तेवढाच खरा ठरला. धाप उतरते आणि सूज ओसरते. त्यांनी आयुष्य वाढवण्याचे वचन कधी दिलेच नव्हते.

फ्रेमिंगहॅमचे काम आजही चालू आहे. २००२ साली नातवंडांची तिसरी पिढी, ४,०९५ जणांची, त्यात दाखल झाली. पण २०१३ साली अमेरिकन सरकारने सर्व खात्यांत सरसकट काटछाट केली, तेव्हा या कामाच्या वर्षाच्या सुमारे ९० लाख डॉलरच्या करारातून ४० लाख कापले गेले. पुन्हा तेच झाले. तपासण्यांत कपात झाली, माणसे कमी केली गेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे पत्रव्यवहार काढून तारीख बदलली असती तरी चालले असते.

आपल्या देशात याची सुरुवात उशिरा झाली, पण झाली. केरळात तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा संस्थेच्या पुढाकाराने २०१३ साली जिल्ह्यातील १८ रुग्णालयांनी हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रोग्यांची नोंद केली. त्यांचे सरासरी वय निघाले ६१ वर्षे. पाश्चात्य देशांतील रोगी याहून सुमारे दहा वर्षांनी वृद्ध असतात. म्हणजे आपल्याकडे हृदय थकते तेव्हा माणूस अजून मिळवता असतो, आणि पुष्कळदा घरात मुलीचे लग्न व्हायचे असते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पैसा दिला, आणि २०१९-२०मध्ये देशातील ५३ रुग्णालयांनी मिळून दहा हजारांहून अधिक रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली. तीन महिन्यांच्या आत दर सातांतील सुमारे एक रोगी दगावला होता. आणि ज्यांचे हृदय स्पष्टपणे अशक्त झाले होते अशांपैकी, शास्त्राने सिद्ध केलेली औषधे पुरती मिळालेले रोगी निम्म्याहून कमी निघाले.

त्या औषधांच्या यादीत एनॅलाप्रिलच्या जातीच्या गोळ्या आहेत. एनॅलाप्रिलचे पेटंट केव्हाच संपले असून ती गोळी आपल्या पेठेतल्या औषधाच्या दुकानात थोड्या रुपयांत मिळते.